जपून, आत जीव आहे

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू आपल्या मनाने रचतोस. परवा मी म्हटलं, "सध्या तारेवर काम करते," तर तू मामीला सांगितलंस की पोरगी सर्कशीत लागली. म्हणून आता पत्रच. पॉलिशच्या मशीनने तुझे कान नेले, डोळे अजून शाबूत आहेत.

तर ऐक, म्हणजे वाच. ही तार प्लॅटिनमची, केसाहून बारीक. टोक सोडून बाकी सगळी काचेत बंद. ते टोक एका वाटीभर द्रावणात सोडायचं. त्या द्रावणात दोन गोष्टी असतात. एकीचं वीज दिल्यावर प्लास्टिक होतं, पण साधं प्लास्टिक नव्हे, त्यातून वीज वाहते. दुसरी म्हणजे एन्झाइम, साखर दिसली की तिच्यावर तुटून पडणारं. वीज दिली की टोकावर काळा थर चढतो आणि एन्झाइम त्यात अडकून बसतं. पुढे ही तार अंगात असेल तिथली साखर ओळखते आणि आकड्यात सांगते. थोडक्यात तुझाच धंदा, मामा. तू आयुष्यभर बंपरला आणि नळाच्या तोट्यांना मुलामा दिलास, मी तारेच्या टोकाला देते.

ही तार वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी आहे. त्यांची साखर केव्हाही खाली येते, म्हणून दिवसातून आठ वेळा टाचेला सुई टोचून रक्त घेतात. मी एकदा त्या वॉर्डात जाऊन आले. टाच माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आणि त्यावर टोचल्याच्या खुणा. पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत ही तार सगळ्यांना बनवता येते, पण टिकणारी एकीलाच. तिला सगळे 'बाई' म्हणतात. एकतीस वर्षं याच खोलीत, याच खिडकीपाशी. आमच्या तारा तिसऱ्या दिवशी मान टाकतात, बाईंची चौदा दिवस खरं बोलते. जूनअखेर बाई निवृत्त होणार. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना मेअखेर चाळीस तारा हव्यात, नाहीतर त्या हा नाद सोडणार. म्हणून सरांनी मला बाईंच्या शेजारी बसवलंय. "बाई जातील, कृती राहिली पाहिजे. एकूण एक लिहून काढ."

मामा, तू त्यांना बघायला हवंस. चष्मे दोन, एक नाकावर, एक कपाळावर. तार अशी खाली सोडतात की पाण्याला पत्ता लागत नाही. मग खुर्ची मागे घेतात, शाईचं पेन उघडतात आणि डबीचं लेबल लिहितात. तारेचा नंबर, लांबी, बाटली कुठली, तापमान किती, अशा आठ ओळी. एक वाळली की दुसरी. अक्षर म्हणजे छापखान्याने लाजावं असं! सगळ्यात खाली, दर वेळी, "जपून. आत जीव आहे." ते लेबल डबीला लागलं की मगच वीज. "नाव लागल्याशिवाय वीज नाही," हा त्यांचा कायदा. फार पूर्वी दोन तारांची अदलाबदल झाली आणि तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं, तेव्हापासून.

मी सगळं टिपते आहे. वीज किती, किती सेकंद, गरम किती. तरी माझ्या तारा मरतात. तुला काही सुचतं का?

तुझी खार


११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

पत्र मिळालं. मामीने भिंग आणून दिलं तेव्हा कुठे वाचता आलं. इतकी शिकलीस, पण अक्षर अजून कोंबडीने शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसंच.

पहिली गोष्ट. मुलामा धरत नसेल तर शंभरात नव्वद वेळा दोष स्वच्छतेचा. धुतलेला पत्रा तिरका धर आणि वरून पाणी सोड. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर पत्रा स्वच्छ. मध्येच फुटून थेंब झाले तर कुणाचं तरी बोट लागलंय. तुमच्या तारेवर हे कसं बघणार ते तुमचं तुम्ही बघा.

दुसरी गोष्ट जरा कानात सांगण्यासारखी. तुझी ती बाई काहीतरी राखून ठेवत असणार. कारागीर सगळं शिकवतो, शेवटची चिमूट शिकवत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हण हवं तर, पण निकेलच्या टाकीत मी काय चिमूटभर टाकतो, हे अठरा वर्षं माझ्या भागीदारालासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा ती काय सांगते त्याकडे कमी आणि तिच्या हाताकडे जास्त बघ.

आणि वॉर्डात पुन्हा जा. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांना बघून यावं.

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

तुझी पाण्याची युक्ती बाईंना सांगितली. भिंगाखाली तारेवरून पाणी सोडून बघितलं, माझ्या पाच तारांपैकी दोन तेलकट निघाल्या! बाई म्हणाल्या, "कोण हे मामा? त्यांना कळतं." त्यांच्या तोंडून असं वाक्य वर्षातून एखाद्याच्याच वाट्याला येतं. सर अजून वाट बघताहेत.

पण चिमटीच्या बाबतीत तू साफ चुकलास. बाई काहीही लपवत नाहीत. हातचं राखून शिकवणं त्यांच्या स्वभावातच नाही. आपला चिमटा माझ्या हातात दिला, माझं बोट धरून कोन दाखवला. मी चुकले की रागावत नाहीत, नुसतं "हं" म्हणतात आणि तार पुन्हा धुवायला लावतात. मला दुसऱ्या कुणाकडे असं शिकायला मिळालं नव्हतं. तरी माझी तार तिसऱ्या दिवशी गप्पच. एवढं पाहूनही हाताला येत नाही म्हणजे मीच दगड.

एका बाबतीत मात्र मी बाईंच्या उपयोगी पडले. त्यांची बोटं सकाळी आखडतात. चाळीस तारांची चाळीस लेबलं, आठ-आठ ओळी! म्हणून मी गुपचूप कॉम्प्युटरवर लेबलं तयार केली आणि सोमवारी गठ्ठा समोर ठेवला. नंबर, तारीख, सगळं छापलेलं. नुसतं सोलायचं आणि चिकटवायचं. ती शेवटची ओळ बसत नव्हती, तेवढी वगळली. बाईंनी एक लेबल उजेडात धरून बघितलं, मग म्हणाल्या, "छान आहेत," आणि पेन खणात ठेवून दिलं. आता आठवड्याला सहाच्या जागी नऊ तारा होतात. सर खूश, मी खूश.

वॉर्डात जाऊन आले. या वेळी रडले नाही.

तुझी खार


१६ मार्च

चि. खारूताईस,

तुझी पाठ थोपटतो. वडीलधाऱ्यांचे कष्ट वाचवावेत हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही, ते आमच्या घराण्यातच आहे.

मामीने पत्र वाचून नाक मुरडलं. म्हणते, "लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घेऊ नये." मी म्हटलं, तुला विज्ञानातलं काय कळतंय?

चिमटीचं मागे घेतो. बाईंना माझा नमस्कार सांग.

मामा


२ एप्रिल

मामा,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

बाईंच्या तारा मरायला लागल्या आहेत. एखाददुसरी नाही, सगळ्या. तिसऱ्या दिवशी आकडा घसरतो, चौथ्या दिवशी काहीच नाही. अगदी माझ्या तारांसारखं. आम्ही काय तपासायचं बाकी ठेवलं नाही! एन्झाइमची नवी बाटली मागवली, पाणी बदललं, तारेचं रीळ बदललं, थर्मामीटरसुद्धा दुसरा आणला. तुझी पाण्याची परीक्षा रोज होते. सगळं स्वच्छ, सगळं बरोबर, आणि तार मेलेली.

सरांनी हळूच विचारलं, "बाई, डोळे दाखवून घेता का?" बाई गेल्या. डोळे ठीक. मग मीच, मामा, मीच म्हटलं की हाताला कंप असेल तर एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. त्या तिथेही जाऊन आल्या. तिथेही काही निघालं नाही. पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. काल चिमटा पुसून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हात गेला, मुली. यंत्राला दिसत नाही, पण तारेला कळतं."

त्यांच्या लेकीचं दोन महिन्यांचं बाळ घरी आहे. बाई रोज सकाळी त्याला आंघोळ घालून कामावर यायच्या, त्याच्या गमती सांगायच्या, तेवढंच काय ते बोलायच्या. आता लेक घालते. "निसटलं हातातून तर?" असं म्हणाल्या. एकतीस वर्षं ज्या हाताने केसाएवढी तार धरली, त्या हाताची त्यांना भीती वाटते आहे. सोमवारपासून त्या रजेवर जाताहेत, तिथून थेट निवृत्ती.

चाळिसातल्या अकराच चांगल्या आहेत, सगळ्या फेब्रुवारीतल्या. डॉक्टरीणबाई मेअखेरपर्यंत थांबतील, पुढे नाही. पण मला खरं सांगायचं तर आत्ता बाळांपेक्षा बाईंचं जास्त लागलंय. एवढं मोठं काम करणारं माणूस असं मान खाली घालून जाऊ नये.

तुझी खार


६ एप्रिल

चि. खारूताईस,

हे पत्र वाचून झालं की जागेवरून ऊठ आणि बाईंच्या घरी जा. उद्या नको, आजच.

तुला माहीत आहे, वर्कशॉपात मालाची चलनं तारेला टोचून ठेवायची माझी सवय. तुझी पत्रंही तशीच टोचलेली आहेत, तारखेप्रमाणे. काल तिन्ही काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि भिंग घेऊन बसलो.

४ फेब्रुवारीला तू लिहितेस की बाई तार द्रावणात सोडतात, मग लेबल लिहितात, मगच वीज देतात. आठ ओळी, एक वाळली की दुसरी. ८ मार्चला लिहितेस की आता नुसतं सोलायचं आणि चिकटवायचं. आणि २ एप्रिलला सांगतेस की तीन आठवडे सगळ्या तारा मरताहेत. तू बाटली बदललीस, पाणी बदललंस, रीळ बदललंस. पण खारे, त्याआधी काय बदललं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

लेबल लिहून होईपर्यंत तार त्या द्रावणात नुसती बसून असायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मला काय ठाऊक. त्या वेळात तिथे काय व्हायचं ते तू शिकलेली आहेस, तू सांग. पण काहीतरी व्हायचं, आणि ते तू काढून घेतलंस. आणि तुझ्या तारा पहिल्यापासून का मरत होत्या? तुझं अक्षर, बये! तू लेबल लिहितेस म्हणजे अर्ध्या मिनिटात कोंबडी नाचवतेस.

मला हे कसं सुचलं, तेही सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही वर्कशॉपात जॉब, म्हणजे मुलाम्याला आलेला माल, उचलायला विजेची क्रेन बसवली, त्या महिन्यात निकेलचे पापुद्रे निघायला लागले. माझ्याकडे एक पॉलिशवाला होता, हाताने सोनं. मी त्याला बोललो, चारचौघांत बोललो. तो निघून गेला. मग लक्षात आलं, आधी साखळीने ओढून जॉब वर काढायला वेळ लागायचा, तेवढा वेळ तो मुलाम्याआधीच्या अ‍ॅसिडात जास्त राहायचा. क्रेनने तो वेळ वाचवला आणि मुलामा घालवला. मी त्याच्या घरी गेलो, पण चार महिने उशिरा. त्याने पाणी विचारलं, चहा विचारला, परत यायचं नाव काढलं नाही. त्याने पॉलिशचं कामच सोडलं होतं.

तेव्हा प्रयोग करून, पुरावा घेऊन, मग सांगते, असं करू नकोस. आधी सांग. प्रयोग मागून कर.

मामीला सांगितलं की तुझं बरोबर होतं. हे मी लग्नानंतर तिसऱ्यांदा म्हटलं. तिने तारीख विचारून घेतली.

मामा


२५ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हातमोजे घातलेली होते. ते तसेच घालून बाईंच्या घरी गेले.

आत लेक बाळाला आंघोळ घालत होती, बाई दारापाशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मी तुझंच पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दुसरा चष्मा लावला आणि सगळं वाचलं, पॉलिशवाल्याचा भाग दोनदा. मग म्हणाल्या, "पेन दे." मी खणातलं आणलंच होतं. टेबलाशी बसून, कुठलीच तार समोर नसताना, त्यांनी एक लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलं. मी घड्याळ लावलं होतं. सात मिनिटं चाळीस सेकंद.

बाईंनी टोपण लावलं आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "म्हणजे हात चांगलेच आहेत की," म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. पण त्या मेंदूच्या डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली! दोन्ही गुडघ्यांवर!" अशा कडाडल्या की लेक बघतच राहिली. मग बाह्या वर केल्या, आत गेल्या, लेकीला म्हणाल्या, "ऊठ, दे इकडे. कानामागे साबण तसाच ठेवलायस." बाळ त्यांच्या पायांवर आलं आणि लगेच गप्प झालं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, मामा. हातमोजे असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी बाई रजा रद्द करून हजर. प्रयोग मागून केला, तू म्हणालास तसा. लगेच वीज दिलेली तार तिसऱ्या दिवशी गेली. दोन मिनिटं थांबलेली पाचव्या दिवशी. आठ मिनिटांची आज चौदा दिवस झाले तरी बोलते आहे. उघड्या तारेवर एन्झाइमला टेकायला, बूड टेकवून बसायला वेळ लागतो. ते बसलेलं असलं की प्लास्टिकचा थर त्याला कवेत घेऊन वाढतो. वीज लगेच दिली तर थर नुसताच प्लास्टिकचा, वरवर चार चुकार कण, तेही दोन दिवसांत धुऊन जातात. पुस्तकात हे आहे, मी वाचलेलंही होतं. पण ते लेबल लिहिण्यात आहे असं कुठल्या पुस्तकात असणार! बाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. त्या अदलाबदलीच्या भीतीने लिहीत होत्या, आणि एकतीस वर्षं तेवढ्या वेळात एन्झाइम आपलं निवांत बसत होतं.

अजून एकोणतीस व्हायच्या आहेत आणि मे समोर आहे. आठवड्याला सहा, त्याहून एकही जास्त नाही. बाई करू देत नाहीत.

तुझी खार


३ जुलै

ती. मामा यांस,

आपली ओळख नाही, परंतु तुमच्या भाचीचे मामा ते आता आमच्या खोलीतल्या सगळ्यांचेच मामा झाले आहेत. म्हणून हे पत्र.

मी जूनअखेर निवृत्त झाले. चाळीस तारा वेळेत दिल्या, वर एक जास्त. माझ्याबद्दल भाषणे झाली. ती चांगली होती, पण लांब होती.

तुमच्या भाचीने कृती लिहून काढली आहे. अठ्ठावीस पाने आहेत आणि एकही ओळ फुकट नाही. माझ्या हाताने मी काय करते, हे मला तिच्या पानांवरून कळले. माझ्याजवळ आजवर अनेक जण शिकून गेले, परंतु स्वतःची चूक मोठ्या अक्षरात कृतीत लिहून ठेवणारी ही पहिली. पान अकरावर ती आहे, तारखेसकट.

एका वाक्यावरून मात्र आमचे भांडण झाले. तिने लिहिले होते, 'आठ मिनिटे थांबावे.' मी ते खोडले. माणसाला थांब म्हटले की तो पाच मिनिटांत घड्याळ बघतो आणि सहाव्याला कंटाळतो. काही करायला दिले तर थांबतो. आता तेथे असे आहे: 'लेबल हाताने लिहावे. सावकाश.' सर हसले, पण सही केली.

तेव्हा तिला अक्षर सुधारणे भाग होते. मी तिला दुरेघी वही आणून दिली आणि दीड महिना रोज एक पान गिरवून घेतले. पहिल्या आठवड्यात तुमच्यासारखीच मलाही कोंबडी आठवली. पण पोरीने नेट सोडला नाही.

एक्केचाळिसावी तार पूर्णपणे तिच्या हातची. मी खुर्ची मागे घेऊन बसले होते, चिमट्याला हातही लावला नाही. ती तार वॉर्डात एका मुलीच्या मांडीत चौदा दिवस राहिली आणि शेवटपर्यंत खरे बोलली. तार बरोबर सांगते ना, हे पडताळायला दिवसाला एकदा टोचावे लागले, बाकी सात वेळांचे वाचले. मी स्वतः जाऊन तिची टाच बघून आले. बाळाला उचलूनही घेतले.

तुमच्या पॉलिशवाल्याविषयी वाचून वाईट वाटले. तुम्ही उशिरा गेलात, पण तो उशीर माझ्या कामी आला. तो कुठे असेल तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

डबी वॉर्डातून परत आली, तिच्यावरचे लेबल सोडवून सोबत जोडले आहे. सगळे तुमच्या भाचीच्या हातचे आहे. शेवटची ओळ जरा उताराला लागली आहे, पण भिंगाशिवाय वाचता येते.

आपली,
बाई